आईच्या डोळ्यातल्या लेन्समुळे कॉर्निया सुजलाय, नुसता कॉर्नियाचा थर बदलायचा की लेन्सपण काढायची?

सांजसावली:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सहन करा.

आई ७१ वर्षांची. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा ऑपरेशन चालू असतानाच आतली पिशवी फाटली, म्हणजे ज्या पिशवीत लेन्स बसवतात ती, मग मागे आधारच नाही म्हणून लेन्स पुढच्या भागात, डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या पुढे बसवली असं आम्हाला बाहेर येऊन सांगितलं होतं. नंतर आईला छान दिसायला लागलं, आम्हीही विषय सोडून दिला. पुढची आठ-नऊ वर्षं ती सुईत दोरा ओवत होती, पेपर वाचत होती, काही म्हणजे काही त्रास नव्हता.

गेली दीड वर्षं सकाळी उठलं की डाव्या डोळ्यासमोर धुकं. दुपारपर्यंत निवळायचं. आम्हाला वाटलं नंबर वाढला असेल, चष्मा बदलला, धुकं तसंच. आता ते दिवसभर असतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि गेल्या महिन्यात दोनदा रात्री असं काही दुखलं की ती उठून बसली, डोळ्यातून घळाघळा पाणी, डोळा उघडवेना. तपासल्यावर कळलं की कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेला, सूज आहे, वरच्या थरावर पाण्याचे फोड येतात आणि ते फुटले की असं दुखतं. कागदावर लिहिलंय स्युडोफेकिक बुलस केराटोपथी. जाडी ६९० मायक्रॉन. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजायच्या मशीनवर डाव्या डोळ्याचा आकडाच आला नाही, उजव्याचा २३०० आला.

घोळ आता पुढे आहे. पहिले डॉक्टर म्हणाले डीसेक करू, म्हणजे कॉर्नियाचा नुसता आतला थर बदलू, लेन्स आहे तिथेच राहू दे, तिला हात लावला तर उगाच रक्तस्राव वगैरे होईल. दुसरे म्हणाले मूळ दुखणं ती लेन्सच आहे, ती काढून मागे दुसरी बसवू आणि मगच कॉर्नियाचं बघू, नाहीतर नवीन थराचीही तीच गत होईल. दोघेही कॉर्नियाचेच तज्ज्ञ, दोघांनीही नीट वेळ देऊन समजावलं, त्यामुळे एकाला खोटं पाडून मोकळं होता येत नाही. आईचं म्हणणं, ड्रॉपवर भागवा, या वयात कशाला चिरफाड. ५ टक्के मिठाचे ड्रॉप दिवसातून चारदा चालू आहेत, थोडा फरक वाटतो, पण थोडाच.

कुणाच्या घरी असं झालंय का? आणि डीमेक नावाचं अजून एक ऑपरेशन ऐकलं, ते जास्त चांगलं म्हणतात, मग ते दोघांपैकी एकानेही का सुचवलं नाही?


निवांत_काका:

सावलीताई, माझं दोन वर्षांपूर्वी डीसेक झालं, उजवा डोळा. माझी लेन्स मात्र मागेच, जागेवर होती, मोतीबिंदू फार कडक झालेला आणि तो फोडताना पेशी गेल्या असं निदान. त्यामुळे लेन्स काढायची की नाही यावर मी बोलणं म्हणजे आगाऊपणा, ते जाणकार सांगतील. मी नुसतं अंगावर काय येतं ते सांगतो.

ऑपरेशन भूल देऊन पण जागेपणी. दुखलं नाही. खरी परीक्षा नंतर, कारण आत हवेचा बुडबुडा सोडतात आणि तो नवीन थराला वर दाबून धरतो, त्यामुळे पाठीवर आडवं, नाक छताकडे, खायला आणि बाथरूमला उठायचं तेवढंच. पहिला दिवस तर जवळजवळ पूर्ण असा. ज्यांची पाठ किंवा मान दुखते त्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगावं, मी सांगितलं नव्हतं आणि मग रात्रभर देवाचं नाव घेत पडलो होतो. बुडबुड्यातून काहीच दिसत नाही, पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. घाबरू नका. चार-पाच दिवसांत वरून एक आडवी रेघ खाली खाली सरकताना दिसते, तिच्या वरचं दिसायला लागतं, मजा येते खरंतर.

माझा थर एका बाजूने थोडा सुटला होता, आठव्या दिवशी परत हवा भरली. पाच मिनिटांचं काम. आता चष्म्याने ६/१२ दिसतं. आणि तुमच्या आईंना सांगा की दिसणं राहू दे बाजूला, ते रात्रीचं दुखणं गेलं हेच माझ्यासाठी सगळं होतं.


भिंगोबा:

मी कॉर्नियाचं काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, पण ताई, डोळा न बघता सांगतोय हे धरून चाला.

आधी काय बिघडलंय ते. कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची काच, साधारण ५४० मायक्रॉन जाड, अर्धा मिलिमीटर म्हणा. तिच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम. त्याचं काम पंपाचं. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि या पेशी ते सतत उपसून बाहेर टाकतात, म्हणून काच कोरडी आणि पारदर्शक राहते. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार पेशी असतात आणि गोम अशी की या पेशी आपल्यात नव्याने तयार होत नाहीत. एक मेली की शेजारची पसरून जागा भरते. असं करत करत आकडा ५००-७०० च्या खाली गेला की पंप हरतो आणि काच पाणी धरते. रात्री डोळे मिटलेले असल्याने पृष्ठभागावरून पाणी उडत नाही, म्हणून सकाळी धुकं जास्त आणि दुपारी कमी. तुमच्या आईंची गोष्ट अगदी पुस्तकातली आहे.

आता लेन्स. डोळ्यात लेन्स बसवायची सुरुवात हॅरोल्ड रिडलेंनी १९४९ मध्ये लंडनला केली, ती मागे बसवली होती. १९५० च्या दशकात बऱ्याच जणांनी ती पुढे बसवून बघितली कारण सोपं पडायचं, आणि काही वर्षांनी एकेकाचे कॉर्निया पांढरे व्हायला लागले. पुढच्या लेन्सचे पाय कॉर्निया आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात टेकतात. लेन्स आखूड असेल तर फिरते, लांब असेल तर टोचते, शिवाय सतत हलकी सूज चालू ठेवते, आणि यातलं काहीही झालं तरी बिल शेवटी एन्डोथेलियमच्या नावावर फाटतं. १९८० च्या दशकातल्या बंद कडीच्या पायांच्या लेन्स तर यासाठी बदनामच झाल्या. आताच्या उघड्या लवचिक पायांच्या लेन्स बऱ्याच बऱ्या आहेत. म्हणून ‘पुढे लेन्स आहे म्हणजे काढाच’ हे सरसकट खरं नाही.

तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं बरोबर असू शकतं, उत्तर आईंच्या डोळ्यात आहे. लेन्स स्थिर आहे, पुढची खोली (कॉर्निया आणि रंगीत पडद्यामधली जागा) पुरेशी खोल आहे, डोळा शांत आहे, डोळ्यातलं प्रेशर नॉर्मल आहे, तर लेन्स ठेवून डीसेक करतात आणि ते थर बरीच वर्षं टिकलेले मी बघितलेत. पण लेन्स हलतेय, कॉर्नियाच्या फार जवळ आहे, बाहुली एका बाजूला ओढली जाऊन अंडाकृती झालीय, डोळा वारंवार लाल होतो, आत बारीक रक्त येतं, प्रेशर चढतं, रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, सूज आहे, यातलं काही असेल तर मी ती लेन्स ठेवणार नाही. गळक्या नळाखाली नवीन फरशी घालण्यात अर्थ नसतो.


सांजसावली:

भिंगोबा, इतकं कुणी अजून समजावलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. काका, तुमची रेघ खाली सरकण्याची गोष्ट आईला वाचून दाखवली, पहिल्यांदा हसली या विषयावर.

बाहुलीचं तुम्ही म्हणालात तर आत्ता बॅटरी घेऊन बघितली, डाव्या डोळ्याची बाहुली खरंच गोल नाहीये, वरच्या बाजूला टोक आल्यासारखी आहे. याचा अर्थ लेन्स काढावीच लागणार का? आणि काढणं म्हणजे नेमकं काय, पहिले डॉक्टर त्यालाच घाबरत होते. डीमेकचं राहिलंच.


भिंगोबा:

बॅटरीने निदान नको 😀 पिशवी फाटली तेव्हा आतला जेलीसारखा पदार्थ, व्हिट्रियस, पुढे येऊन जखमेला चिकटला असेल तरी बाहुली अशीच टोकदार दिसते. मग तो पदार्थ तिथून साफ करणं हाही ऑपरेशनचा भाग होतो. पण हे नक्की विचारा, ‘बाहुली लेन्सच्या पायामुळे ओढली गेलीय की व्हिट्रियसमुळे’. पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला आतला छेद, काढला की लेन्सचे पाय कुठे आहेत आणि कॉर्नियापासून किती अंतर आहे ते सुजलेल्या काचेतूनही बरंच कळतं.

काढण्याबद्दल. पहिल्या डॉक्टरांची भीती उगाच नाही. अकरा वर्षांत लेन्सच्या पायांभोवती रंगीत पडद्याचा ऊतक वेढा घालून बसतो. सरळ ओढली तर पडदा मुळापासून उसवतो आणि रक्त येतं. म्हणून पाय आतल्या आत कापतात, मधली चकती वेगळी बाहेर, मग पाय ज्या वाटेने वेढलेत त्याच वाटेने हळूच फिरवून काढतात, आणि एखादा तुकडा फारच रुतला असेल तर शहाणा सर्जन तो तिथेच सोडतो. लेन्स कडक प्लास्टिकची असल्याने घडी होत नाही, चीर जवळपास ६ मिलिमीटरची लागते.

मग नवीन लेन्स कुठे? पिशवी नाही, त्यामुळे एक तर रंगीत पडद्याच्या मागच्या बाजूला चिमट्यासारखी अडकवायची, नाहीतर डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत तिचे पाय रोवायचे. दुसऱ्या प्रकारात २०१७ साली यामाने या जपानी सर्जननी प्रसिद्ध केलेली पद्धत आता बरीच चालते, बारीक सुयांमधून लेन्सचे दोन्ही पाय भिंतीबाहेर काढायचे आणि टोकं गरम करून त्यांना गाठीसारखं बोंड आणायचं, टाके नाहीत, डिंक नाही. बोंड आत सरकत नाही आणि लेन्स लटकून राहते. बघायला फार सुंदर, करायला घाम काढणारं.

डीमेक का नाही सुचवलं ते आता. डीसेकमध्ये दात्याच्या कॉर्नियाचा आतला थर थोड्या मांसल भागासकट लावतात, साधारण १०० ते २०० मायक्रॉन. डीमेकमध्ये नुसतं आतलं पापुद्र्यासारखं आवरण आणि पेशी, १०-१५ मायक्रॉन. मेलेस या डच सर्जननी २००६ मध्ये ते पुढे आणलं. नजर जास्त चांगली येते, शरीराने नाकारण्याचं प्रमाण सगळ्यात कमी. पण हा पापुद्रा आत टाकला की सुरळीसारखा गुंडाळतो. त्याला निळा रंग देऊन, डोळ्याची पुढची खोली उथळ करून, वरून टिचक्या मारत उलगडावं लागतं. पुढे लेन्स बसलेली असेल तर जागा नाही आणि पापुद्रा तिच्यावर घासून पेशी जातात. आणि लेन्स काढून मागचा व्हिट्रियसही काढलेला असेल तर खोली नको तितकी खोल होते, उथळ राहतच नाही, हवा मागे पळते, क्वचित पापुद्राही मागे जाऊन रेटिनावर पडतो. म्हणून अशा गुंतागुंतीच्या डोळ्यात अनुभवी माणसंही डीसेककडे वळतात. तुमच्या दोघांनी डीमेकचं नाव काढलं नाही म्हणजे ते जुनाट आहेत असं समजू नका, मला तर उलट बरं वाटलं.


मायनस_बारा:

विषय थोडा वेगळा पण इथेच लिहितो, कारण डोळ्यात लेन्स म्हटलं की लोकांना फक्त मोतीबिंदू आठवतो. मला मायनस १२ होता, लेझर होणार नाही म्हणाले, तेव्हा वयाच्या २६ व्या वर्षी स्वतःची नैसर्गिक लेन्स तशीच ठेवून तिच्या पुढे एक लेन्स बसवून घेतली, कोपऱ्यात टेकणारी. सहा वर्षं जग जिंकल्यासारखं वाटत होतं. दरवर्षी पेशी मोजायला या असं सांगितलं होतं, मी दोनदा गेलो आणि मग दिसतंय तर चांगलंच म्हणून गेलोच नाही. चूक माझी. सातव्या वर्षी गेलो तेव्हा २७०० चे १४०० झाले होते. काहीही लक्षण नव्हतं, दुखत नव्हतं, धुकं नव्हतं, म्हणजे आत दिवाळं निघत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

लेन्स काढून टाकली. आता परत जाड चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स. कॉर्निया अजून स्वच्छ आहे. भिंगोबा, माझा प्रश्न, पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा हा कॉर्निया टिकेल का?


भिंगोबा:

मायनस_बारा, वेळेवर काढलीत हे उत्तम झालं. कोपऱ्यात टेकणाऱ्या त्या चष्म्याच्या नंबरासाठीच्या लेन्स याच कारणाने जवळपास हद्दपार झाल्यात, आता जास्त करून रंगीत पडद्याच्या मागे बसणारी वापरतात. कॉर्नियापासून लांब, पण वार्षिक मोजणी तिलाही चुकत नाही.

१४०० वर मोतीबिंदू करता येतो, सर्जनला आधी आकडा सांगा, तो पेशी सांभाळणारं जेल जास्त वापरेल आणि मशीनची ताकद कमी ठेवेल. मोतीबिंदू कडक होईपर्यंत थांबू नका. आणि डोळे चोळणं बंद.


रानजाई२२:

माझ्या मावशींना डोळ्यांचे व्यायाम आणि एका औषधी ड्रॉपने फरक पडला होता, ऑपरेशनशिवाय करून बघायला काय हरकत आहे.


भिंगोबा:

रानजाई, मावशींचं निदान काय होतं ते माहीत नाही म्हणून त्यावर बोलत नाही. इथे पेशी मेल्यात. डोळा फिरवून मेलेली पेशी उठत नाही.

ऑपरेशनशिवाय जे खरंच करतात ते सांगतो, कारण ताईंच्या आईंनी विचारलंय. मिठाचे ड्रॉप वरच्या थरातलं पाणी ओढतात, सुरुवातीला उपयोग होतो, पुढे नाही. रात्री त्याचंच मलम. बॅन्डेज कॉन्टॅक्ट लेन्सने दुखणं थांबतं, पण ती महिनोन् महिने ठेवली तर जंतुसंसर्गाची भीती, सुजलेला कॉर्निया आधीच दुबळा असतो. ज्या डोळ्यात नजर परत येण्याची आशाच नाही तिथे नुसतं दुखणं थांबवायला वरून गर्भपटल (गर्भातल्या बाळाभोवतीचं पातळ आवरण) लावतात. हे सगळं वेळ काढणं आहे, आणि वेळ काढण्याची किंमत अशी की सूज वर्षानुवर्षं राहिली की काचेच्या मधल्या थरात कायमचा डाग धरतो. मग आतला थर कितीही छान बदला, डागातून बघावं लागतं. मग पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलायची वेळ येते, चक्क गोल कापून नवीन शिवायचा, १६ च्या आसपास टाके, वर्षभर नंबर बदलत राहणार, आणि डोळ्याला धक्का लागला तर ती शिवण जन्मभर कच्ची. ही पद्धत १९०५ पासून आहे, एडुआर्ड झिर्म यांनी पहिल्यांदा यशस्वी केली, आणि आजही काही डोळ्यांना तीच लागते. पण टाळता येत असेल तर टाळायची.


निवांत_काका:

+१. मी आठ महिने ड्रॉपवर रेटले, डॉक्टर म्हणाले आधी आला असतात तर ६/१२ च्या पुढची, आणखी बारीक अक्षरांची एखादी ओळ मिळाली असती.


पेढीतला_माणूस:

मी नेत्रपेढीत टेक्निशियन आहे. एक छोटी भर. दात्याचा कॉर्निया आला की आम्ही त्याच्या पेशी मोजतो, आतल्या थराच्या ऑपरेशनसाठी २००० च्या वर तरी लागतातच, सर्जन त्याहून जास्त मागतात. लोकांना वाटतं तरुण दाता म्हणजे सगळ्यात भारी, पण डीमेकसाठी आम्हाला वयस्कर दात्याचा बरा पडतो, कारण तरुण पापुद्रा फार घट्ट गुंडाळतो, उलगडता उलगडत नाही. आणि एकाच कॉर्नियाचा पुढचा भाग एकाला आणि आतला दुसऱ्याला असंही देता येतं. तुमच्या आईंचं दोन टप्प्यांत, म्हणजे आधी लेन्स आणि मग थर, असं ठरलं तर दुसऱ्या टप्प्याची तारीख सर्जनला पेढीशी बोलून ठेवायला सांगा, ४ अंशावर ठेवलेला कॉर्निया जास्तीत जास्त १४ दिवस चालतो, मनात येईल तेव्हा मिळेल असं नसतं.


सांजसावली:

दोन टप्पे हा शब्द दुसऱ्या डॉक्टरांनीही वापरला होता. एकदम का करत नाहीत? आईला दोनदा ऑपरेशन टेबलावर न्यायचं या विचारानेच माझं पोट ढवळतंय. आणि मी कुठेतरी वाचलं की जपानमध्ये पेशींचं इंजेक्शन देतात, ते खरं का?


भिंगोबा:

इंजेक्शन खरं आहे. क्योटोच्या किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्यात सोडल्या, पहिल्या ११ पेशंटचे निकाल २०१८ मध्ये छापून आले, आणि जपानमध्ये २०२३ ला त्याला मान्यताही मिळाली. पेशी सोडल्या की पेशंटला तीन तास पालथं झोपवतात म्हणजे त्या कॉर्नियावर जाऊन बसतात, म्हणजे काकांच्या बरोबर उलट 😀 पण लेन्स आणि व्हिट्रियसचा गोंधळ त्याने सुटत नाही, तो आधी निस्तरावाच लागतो, आणि आईंनी त्यासाठी थांबावं असं मी म्हणणार नाही.

एकदम की दोनदा. एकदम केलं तर एकच भूल, एकच बरं होणं, वयाच्या मानाने सोयीचं. पण चीर मोठी, डोळा मऊ पडलेला, त्यात हवा टिकवायची, थर सुटण्याचा धोका जास्त. दोनदा केलं तर पहिल्यांदा लेन्स बदलून आणि व्हिट्रियस साफ करून डोळा शांत होऊ देतात, काही आठवड्यांनी थर. दुसरं ऑपरेशन मग बरंच सरळ होतं. सुजेमुळे काच फारच धुरकट असेल तर आत नीट दिसतच नाही, तेव्हा वरचा सुजलेला थर खरवडून काम करतात. मी स्वतः अशा डोळ्यात दोन टप्प्यांकडे झुकतो, पण माझ्या हाताला ते जमतं म्हणून. तुमच्या सर्जनने जे जास्त वेळा केलंय तेच त्यांना करू द्या.

तीन गोष्टी मात्र विचाराच. एक, नवीन लेन्सचा नंबर काढताना डीसेकमुळे डोळा एक-दीड नंबर प्लसकडे सरकतो हे धरलंय का. दोन, लेन्स कुठल्या पदार्थाची, कारण पाणी धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या लेन्सवर आतल्या हवेमुळे किंवा गॅसमुळे पुढे कॅल्शियमचा पांढरा थर बसल्याची उदाहरणं बरीच आहेत, आणि मग पुन्हा लेन्स बदला. तीन, प्रेशर. सुजलेल्या कॉर्नियावर नेहमीच्या यंत्राने प्रेशर खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणजे काचबिंदू आत लपलेला असू शकतो. ऑपरेशननंतर स्टेरॉईडचे ड्रॉप महिनोन् महिने, बहुतेक वेळा दिवसाला एक थेंब कायमचाच, आणि त्यानेही प्रेशर चढतं. ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, किती शिल्लक आहे ते आधी बघितलेलं बरं.

आणि हवा भरल्यावर पहिल्या रात्री खूप डोकं दुखलं, उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही. बुडबुडा बाहुली बंद करून प्रेशर एकदम वाढवू शकतो. ते होऊ नये म्हणून खालच्या बाजूला रंगीत पडद्याला बारीक भोक पाडतात, तरी लक्ष ठेवा. आत गॅस असेल तर तो विरेपर्यंत विमान बंद.


सांजसावली:

सगळं वहीत उतरवून घेतलंय. गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, पुढच्या भागाचा ओसीटी त्याच दिवशी करणार आहेत, प्रेशरचंही विचारते. आई आत्ताच विचारत होती की पाठीवर झोपून रेडिओ ऐकला तर चालतो का.


निवांत_काका:

चालतो की. फक्त बटण फिरवायला दुसरं कुणीतरी ठेवा जवळ, मी स्वतः वाकून शोधायला गेलो आणि नर्सबाईंची बोलणी खाल्ली.